चित्राखालच्या ओळी

रांझी, जबलपूर
१४ जानेवारी २०२५

चि. मैत्रेयीस,

आशीर्वाद. आज संक्रांत. यंदा आमच्याकडे तिळगूळ नाही, म्हणून सरळ कामाचंच लिहितो.

सोबत काडेपेटीत कापसात गुंडाळून अनिच्या कॅमेऱ्यातलं कार्ड पाठवून राहिलो आहे. नखाएवढं आहे, सांभाळ. पोलिसांनी कॅमेरा परत दिला, त्यातलं; त्याची प्रत अनिच्या लॅपटॉपवर ठेवली आहे. मोटरसायकल अजून ठाण्यातच आहे.

माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. आपल्या आप्पांचे पन्नाशीत गेले, माझेही गेले. मशीन लावली तर कानात नुसतं तेल तापल्यासारखं होतं, ती डब्यात पडली आहे. फोनवर मेसेज लिहिता आला असता, पण घरात फोन एक, तो हेमाजवळ असतो, आणि हे तिच्या नजरेस पडायला नको. पोस्टमन येतो तेव्हा मी फाटकातच बसलेलो असतो. तेव्हा पत्रच लिही.

अनि दर रविवारी गाडी घेऊन निघायचा आणि रस्त्याचा व्हिडिओ काढायचा, हे तुला माहीत आहे. तीनशे बारा लोक ते पाहायचे. मी म्हणायचो, तीनशे बारा रिकामटेकडे. तो म्हणायचा, तीनशे तेरावे तुम्ही. तुला माहीत नसेल ते हे की, माझ्यासाठी तो प्रत्येक व्हिडिओची वेगळी प्रत करायचा. त्यात चित्राच्या खाली आवाज लिहिलेले असायचे. ‘पूल आला. खाली पाणी कमी, आवाज नाही.’ ‘मागून एक काका ओरडून राहिले, भैया लाइट बुझाओ.’ ‘इंजिन: बाबांच्या खोकल्यासारखं.’ मी ते वाचत बघायचो. बारा वर्षांनी मला रस्त्याचा आवाज परत मिळाला होता, आणि तो त्याच्या अक्षरात होता.

आवाजासाठी त्याने फार डोकं खाल्लं. कॅमेरा हँडलवर, तिथे नुसता वारा. माइक हेल्मेटमध्ये लावला, तर त्याचाच श्वास. वारा सगळं खाऊन टाकतो बाबा, म्हणायचा. शेवटी मी गाडी स्टँडवर सुरू करायला सांगितली आणि तिच्या अंगावर सगळीकडे तळहात ठेवून पाहिला. एकतीस वर्षं फिटरकी केली ती काहून? मागच्या दिव्याच्या खाली, नंबर प्लेटच्या आड, तिथे थरथर सर्वांत कमी आणि वाराही पोचत नाही. तिथे त्याचा तो छोटा बिनतारी माइक बसवायला मी पत्र्याचा क्लॅम्प केला. हेमाने त्याच्या शाळेच्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीतून माइकला टोपडं विणलं. बाळंतविडा झाला, म्हणून तो हसला. पहिल्याच दिवशी त्याने खाली लिहिलं, ‘बाबा, साफ. एकदम साफ.’

या कार्डात शेवटच्या चार फेऱ्या आहेत. त्यांच्याखाली काही लिहिलेलं नाही. चित्र मला दिसतं, पण मुकं आहे. तू ऐक आणि वेळ टाकून लिहून पाठव. हेमा ऐकणार नाही. त्या दिवशी तो ‘आई, येतो’ म्हणाला आणि तिचं लक्ष कुकरकडे होतं, तिने हूं की चूं केलं नाही, असं ती माझ्यासाठी ठेवलेल्या पाटीवर लिहिते आणि उठून जाते.

चौथी फेरी आठ डिसेंबरची आहे. तीही ऐकावी लागेल. मी चित्र चौदा वेळा पाहिलं. कुंडम रोडवर एका ठिकाणी तो थांबतो. अडीच मिनिटं समोर मोहाचं एक झाड, हलत नाही. मग निघतो. पुढे डावीकडून ट्रॅक्टरची ट्रॉली येते आणि मग नुसतं आभाळ.

मला दोन गोष्टी सांग. तो काहून थांबला? आणि क्लॅम्पची खडखड ऐकू येते का? मी क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचं रबर ठेवलं होतं. रबर दबलं की नट ढिला पडतो, म्हणून खाली स्प्रिंग वॉशर लागतो. तो मी लावला नाही. शिकाऊ पोरगंही ही चूक करत नाही. मला हे तेराव्याच्या जेवणात आठवलं.

तुझा,
दादा


पुणे
२७ जानेवारी २०२५

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. कार्ड मिळालं. काडेपेटीवर तू बारीक अक्षरात ‘हलवू नये’ लिहिलं होतंस. पोस्टमनने ती मला ओंजळीत ठेवावी तशी दिली.

शाळेतून आले की दार लावून ऐकते. माझाही डावा कान हल्ली दगा देतो, मुलं मागच्या बाकावरून काय म्हणतात ते कळेनासं झालंय. पण हेडफोन लावून उजव्या कानाने सगळं स्वच्छ येतं. तू शोधलेली जागा अगदी बरोबर आहे. दादा, मला गाडीतलं काही कळत नाही, पण आवाज असा येतो की जणू मी रस्त्याशेजारी उकिडवी बसले आहे.

पहिली फेरी, बरगी धरणाची.

२:१० – खडी टायरखालून उडते, मडगार्डवर टणटण.
६:३५ – वाटेत खेळ चालला असावा. पोरं ओरडतात, “भैया, फोटो!” अनि ओरडतो, “फोटो नहीं, वीडियो है!”
११:०० – गाडी बंद. पाणी, खूप लांबून. बराच वेळ.
१४:२० – कोणीतरी त्याला विचारतं, “कितने का पड़ा कैमरा?” तो म्हणतो, “कैमरा तो ठीक है, क्लॅम्प अनमोल है. पिताजी ने बनाया.”

हे ऐकून मी थांबवलं आणि चहा केला. तो तसाच निवला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे कागद सोबत आहेत. तिसरीत तो जवळजवळ सगळा वेळ एकटाच बडबडतो. बडा फुहारा चौकात गर्दीत अडकल्यावर एका सांडाशी त्याचं जे भांडण होतं ते शब्दशः लिहिलंय. तुला हसू येईल असं वाटतं. मला आलं, आणि मग आपल्याला हसू आलं याची लाज वाटत राहिली.

चौथ्या फेरीबद्दल. दादा, त्यात विशेष काही नाही. इंजिन एकसारखं चालतं. खडखड नाही. झाडापाशी तो पाणी प्यायला थांबला, बाटलीच्या झाकणाचा आवाज येतो. मग निघाला. तुझा क्लॅम्प शेवटपर्यंत घट्ट होता. तो विचार मनातून काढून टाक. रात्री झोपत जा.

वहिनीला काही सांगू नकोस. तिला तिच्या वेळेने येऊ दे.

तुझी,
मैत्रेयी


रांझी
९ फेब्रुवारी २०२५

चि. मैत्रेयीस,

आशीर्वाद. तुझे कागद मांडीवर घेऊन तिन्ही फेऱ्या पाहिल्या. एक बोट तुझ्या ओळीवर, एक बोट व्हिडिओच्या घड्याळावर. सांडाच्या भांडणाला मी मोठ्याने हसलो असेन, कारण हेमा स्वयंपाकघरातून धावत आली. मला हसताना बघून तिने पदर तोंडावर धरला आणि परत गेली. मी तिला काय सांगणार?

‘क्लॅम्प अनमोल है’ हे वाक्य मी आंघोळ करतानासुद्धा म्हणून राहिलो आहे.

आता दुसरं.

मोटरसायकल मंगळवारी परत आली. पुंडलिक आणि मी तिला टेम्पोतून उतरवली. तुला आठवेल, पुंडलिक म्हणजे कारखान्यात माझ्या बाजूच्या बेंचवरचा. पुढचं चाक गेलं, टाकी दबली. मागचा भाग मात्र जसाच्या तसा आहे, दिव्याची काचसुद्धा फुटली नाही. पण नंबर प्लेटच्या आड क्लॅम्प नाही. माइक नाही. भोकाभोवती रबराचा काळा गोल आहे आणि भोक रिकामं.

पुंडलिकने बोट घालून पाहिलं. मग चष्मा काढून पुसायला लागला. बेंचवरही दुसऱ्याचा पीस फेल निघाला की असंच करायचा.

तू लिहिलंस, शेवटपर्यंत घट्ट होता. घट्ट होता तर गेला कुठे?

आणि मैत्रेयी, त्या दिवशी बाटली तो घरीच विसरला होता. ती ओट्यावर आहे. हेमा अजून रोज ती विसळते, भरते आणि ठेवते.

तू चौथी फेरी ऐकली नाहीस.

मी रागावलो नाही. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला दोन घास सुखाचे. पण एकतीस वर्षं मी पीस तपासून रजिस्टरमध्ये सही केली. जो फेल तो फेल लिहिला, माझ्या हातचा असला तरी. न तपासता पास लिहायची सवय मला नाही, आणि आप्पांच्या घरात ती तुला कुठून लागली?

माझ्या डोळ्यांसमोर एकच येतं. क्लॅम्प सुटतो, रस्त्यावर पडतो, अनि वळून मागे पाहतो, आणि ट्रॉली. तसं असेल तर तसं लिही. मला माझी सही कुठे करायची ते तरी कळेल.

दादा


(पोस्टकार्ड)

रांझी
१ मार्च २०२५

उत्तर नाही. समजलो. घाई नाही. डाव्या कानाला डॉक्टरांना दाखव, आप्पांसारखं हयगय करू नको.
दादा


पुणे
१२ मार्च २०२५

ती. दादास,

तुझं खरं आहे. मी ऐकली नव्हती. पहिली वीस सेकंदं ऐकली आणि हेडफोन काढून ठेवला. मग तुझ्या पत्रातल्या त्या मोहाच्या झाडाखाली एक बाटली नेऊन ठेवली. इतकं सोपं होतं ते. लिहिताना माझा हात थांबलासुद्धा नाही, आणि पाकीट टपालात टाकल्यावर मला पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

मला नको होतं ते ऐकायला, दादा. अनि पहिल्यांदा मोटरसायकलवर बसला तो माझ्या लग्नात, चार वर्षांचा, शेजारच्या विष्णुपंतांच्या उभ्या गाडीवर, तोंडाने भुर्र करत. माझ्या कानात त्याचा तोच आवाज शेवटचा राहावा असं मला वाटत होतं. म्हणजे तुझ्यापेक्षा मी स्वतःलाच वाचवत होते.

काल सुट्टी घेतली. सकाळी बसले. पूर्ण ऐकली, तीनदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी ऐकली कारण तू तपासून लिही म्हणाला होतास. आता जे आहे ते लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

०:०० ते ०:२० – हे मी लिहीत नाही. हे वहिनीने स्वतः ऐकावं. तिला इतकंच सांग की वीसच सेकंद आहेत.
०:३१ – गाडी सुरू. आवाज साफ.
४:५० – रस्त्याकडेला रेडिओ, मागे पडतो.
८:१५ – बारीक टिकटिक. आधी मला वाटलं खडी. नाही.
८:४० – खडखड. दादा, आहे. मोठी आहे.
८:५५ – अनि: “हं. बाबांचा नट बोलून राहिला.”
९:०२ – गाडी थांबते, इंजिन बंद. (इथे तुझ्या चित्रात झाड येतं.)
९:१० – चप्पल, खडीवर. आवाज एकदम जवळ येतो, तो माइकपाशी वाकला असावा.
९:२४ – अनि: “अरे, वॉशरच नाही.” हसतो. “बाबा, फिटर असून!”
९:४० – नट फिरवल्याचा आवाज.
१०:१५ – अनि: “पडला तर मला कुंडमपर्यंत पायी शोधायला लावतील. चलो, उतरो.”
१०:४८ – क्लॅम्प निघतो. खूप मोठा आवाज, कान दुखला.
११:०५ – अनि, अगदी ओठांशी: “घरी सांगायचं नाही. सांगितलं तर बिचारे झोपायचे नाहीत. वॉशर मीच आणून लावीन.” मग, “आईचं टोपडं पण घ्या.”
११:२० – कापडाची सळसळ. चेन. जॅकेटचा खिसा असावा.
११:३२ – गाडी निघते.

यापुढे रस्त्याचा आवाज जवळजवळ नाही. माइक त्याच्या खिशात आहे. इंजिन फार लांबचं वाटतं, शेजारच्या घरातल्या पिठाच्या गिरणीसारखं. जवळ आहे तो त्याचा श्वास. तो तुम्हा दोघांना आधी हेल्मेटमध्ये नको झाला होता, तोच. एकसारखा, शांत. १४:०० पासून तो गुणगुणतो. आप्पांसारखाच बेसूर.

१६:४४ – हॉर्न. दोनदा.
१६:४६ – अनि: “अरे काका, रुको—”

पुढे मी लिहिणार नाही. पुढे शब्द नाहीत, आणि फार नाही.

दादा, तू तपासायला शिकवलंस म्हणून सांगते. हॉर्न वाजला म्हणजे हात हँडलवर होता. “काका” म्हणाला म्हणजे तो समोर पाहत होता. तो मागे वळला नव्हता. मागे वळून बघायला मागे काही राहिलंच नव्हतं, तुझा क्लॅम्प त्याच्या खिशात होता.

दवाखान्यातून कपड्यांची पिशवी दिली होती ना, वहिनीने कपाटात न उघडता ठेवलेली? जॅकेट त्यातच असेल. खिसा पाहा. माझ्या शब्दावर आता विश्वास ठेवू नकोस, हात घालून पाहा.

मी मुद्दाम खोटं लिहिलं त्याची माफी मागत नाही, मागितली तर तू लगेच देशील.

मैत्रेयी


रांझी
२५ मार्च २०२५

चि. मैत्रेयीस,

आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी हेमाच्या हातात दिलं. सगळीच पत्रं दिली, पहिल्यापासून. तिने ओट्यापाशी उभ्यानेच वाचली. मग शेगडीवरचं उतरवलं, गॅस बंद केला, हात पुसले आणि कपाट उघडलं.

पिशवी तिने उघडली, मी नाही. डाव्या बाजूला, आतला खिसा, चेन लावलेली. क्लॅम्प, नट, माइक. माइक टोपड्यात गुंडाळलेला. टोपड्याला काही झालेलं नाही. तिने ते गालाला लावलं, मी दुसरीकडे पाहिलं.

क्लॅम्प मी घरच्या बेंचवर घेऊन भिंगाखाली पाहिला. तडा नाही. आटे साफ आहेत. पत्रा कुठे वाकला नाही. पुंडलिकला बोलावून त्याच्याही हातात दिला. तो म्हणाला, “श्रीरंगराव, पास है.” त्याच्या ओठांवरून कळलं, आणि त्याने चष्मा पुसला नाही.

तेव्हा क्लॅम्प सुटून पडला नाही. अनि मागे वळला नाही. हे तू तपासलंस, मी तपासलं. त्यासाठी तुझे उपकार.

पण मैत्रेयी, तू वेळ टाकून लिहितेस आणि वजाबाकी मला येते. ९:०२ ला थांबला, ११:३२ ला निघाला. अडीच मिनिटं. वॉशर असता तर खडखड नसती, खडखड नसती तर तो झाडाखाली थांबला नसता, आणि ट्रॉली रस्त्यावर आली तेव्हा तो त्या जागेपासून अडीच मिनिटं पुढे गेलेला असता. तू हे लिहिलं नाहीस. तुला दिसलं नसेल असं नाही.

याला पुंडलिक काय, कोणीच पास-फेल लिहू शकत नाही. मी हेमाला बोललो. ती रडली नाही. पाटीवर तिने लिहिलं, ‘मी बाटली हातात दिली असती तर?’ पुसलं, आणि खाली लिहिलं, ‘तो हसला ना पण? मैत्रेयी लिहिते, हसला.’

हो. फिटर असून, म्हणून हसला. तीन महिने मला वाटत होतं की त्याचा शेवटचा विचार माझ्यावरच्या रागाचा असेल. तो तर मी झोपावं म्हणून खोटं बोलायचं ठरवून राहिला होता. तुझ्यासारखाच. आपल्या घरात ही खोड आहे, दिसतं.

अडीच मिनिटं माझ्याजवळ राहतील. असू दे. तेवढी जागा आहे.

काल मी ‘तीनदा चावी, एकदा चहा’ म्हणत बेंचवर उगीच बसलो होतो. तू लहान असताना तुझ्या सायकलचे नट चावीने, म्हणजे पान्याने, आवळताना मी असंच म्हणायचो. समोर स्प्रिंग वॉशरचा डबा. एक काढला आणि क्लॅम्पला लावला. आता तो बरोबर आहे. गाडीला लावणार नाही. टोपड्याशेजारी ठेवला आहे.

आणि हेमा बसली. अनिचा लॅपटॉप तिने जेवणाच्या टेबलावर मांडला आणि मला शेजारची खुर्ची दिली. हेडफोन लावला नाही, आवाज मोठा ठेवला असावा, कारण टेबल माझ्या मनगटाखाली थरथरत होतं. ती वीस सेकंद ऐकायची, थांबवायची, परत ऐकायची. किती वेळा ते मी मोजलं नाही. मग तिने अनिची वही ओढली आणि चित्राखाली लिहायची ओळ माझ्यासाठी लिहिली. पान फाडून सोबत पाठवतो. तुला ठाऊक आहे त्यात काय आहे, पण तिच्या अक्षरात वाच, आणि परत पाठव. आमच्याकडे ही एकच प्रत आहे.

तुझा,
दादा


(सोबतचं पान, हेमलताच्या अक्षरात)

०:०४ – अनि: आई, येतो ग.
०:०७ – कुकरची शिटी.
०:११ – मी: गेट लावून जा रे बाळा.
०:१३ – अनि: हो.
०:१९ – गेट लावलं.